डोळा भरणे

बचत गटाच्या बायकांसाठी
शाळेच्या मैदानात पिक्चर लावला होता.
पौषातली रात्र, दोन बांबूंना ताणलेली पांढरी चादर.
वारा सुटला की नायिकेचा गाल सुजायचा
आणि पोरं हसायची.

गोष्ट अशी, की एक आई जन्म देते, दुसरी वाढवते,
अठरा वर्षं कपाटात एक कागद लपून राहतो,
मग तो सापडतो. मग पाऊस. मग व्हायोलिन.
दोन्ही आया दवाखान्याच्या एकाच बाकावर,
मुलगी मधे उभी.

पुढच्या रांगेतल्या बायका
पडदा सोडून एकेक करून मागं वळायला लागल्या,
आमच्याकडे.
निर्मळाकाकू तर पदर तोंडाला लावून आधीच तयार.
माझी माय, द्रुपदा, शेंगा फोडत होती,
दाणे मला, टरफलं ओच्यात.
"एवढं काऊन रडून राह्यली वं ते?" ती मोठ्यानं म्हणाली.
"सांगून टाकाचं होतं ना पयलेच."

तिनं सांगून टाकलं होतं.
मी चार वर्षांची, न्हाणीत उभी,
डोक्याला शिकेकाई, डोळे गच्च मिटलेले.
"तू पोटातली नाही. अमरावतीची हायेस."
पुढं कितीतरी दिवस मला वाटे,
माणसं दोन तऱ्हेची असतात,
काही पोटातून येतात, काही अमरावतीहून, येष्टीनं.
शाळेतल्या बाई बडनेऱ्याच्या होत्या,
त्यांचं काय, ते ठरत नव्हतं.

माय नर्सरीत डोळे भरते.
जंभेरीच्या रोपाला चाकूनं चीर द्यायची,
संत्र्याच्या काडीवरचा डोळा सोलून आत बसवायचा,
वरून प्लास्टिकची पट्टी, ना सैल ना करकचून.
दिवसाला सात-आठशे. बोटांना हिशेब पाठ.
कॉलेजात गेल्यावर एकदा मी शहाण्यासारखं म्हटलं,
माय, आपलंही तसंच ना?
तू जंभेरी, मी डोळा.
तिनं चाकू लुगड्याला पुसला.
"डोळा फुटला का जंभेरीचा शेंडा छाटा लागते.
माहा कोनं छाटला?
झाडाचं झाडापाशी राहू दे."

पिक्चरच्या शेवटी जन्माची आई दारात येते,
दार उघडंच राहतं, नावं वर सरकत जातात.
बायका नाक पुसत उठल्या.
मायनं टरफलं शेकोटीत झटकली.
नाल्यापर्यंत गप्प. मग,
"तिले घर कसं सापडलं असंल?"
पिक्चर आहे, माय.
"हो, पन पत्ता कोनं देल्ला?"

घरी आल्यावर तिनं पेटी उघडली.
लग्नाच्या पातळाखालून, रेशनकार्डाखालून
एक घडी काढली, निळ्या लुगड्याचा अर्धा तुकडा,
काठ एका बाजूनं उसवलेला.
"याच्यात होती तू. शिशुगृहातल्या बाईनं देल्लं.
म्या धुतलं नाही."
बावीस वर्षं?
"तिचा वास असंल म्हटलं.
तुले कधी लागलाच तं."

मी नाक लावलं.
कडुलिंबाचा वाळला पाला, डांबरगोळ्या, पत्र्याचा गंज,
आणि मायच्या बोटांना बारा महिने असतो तो
संत्र्याच्या सालीचा कडसर वास.
आणखी खोल ओढून पाहिलं.
दुसरं काही नव्हतं.

"मले त कधीच नाही आला," ती म्हणाली.
"त्या वासाले मी परकी. तुले ओळखू येईन."
बल्बभोवती एक पाखरू आपटत होतं.
"आला का?"

आला, म्हटलं.

तिनं माझ्या हातातून तुकडा घेतला,
घडी घालता घालता थांबली,
आणि पुन्हा एकदा
स्वतः नाक लावून पाहिलं.